चौफुलीचं शेत, चुंबळ आणि प्रिन्सिपल बंडल

चौफुली (धागा सुरू करणारा)

यंदा दोन एकरांत पऱ्हाटी चौफुलीनं लावली. दोरीला सारख्या अंतरावर चिंध्या बांधल्या, ओळीत जेवढं अंतर तेवढंच दोन ओळींत ठेवलं, म्हणजे डवरा उभाही चालतो आणि आडवाही. गेल्या आठवड्यात आडवी डवरणी चालली होती. शेताच्या मधोमध उभा होतो आणि मान वर केली तर आपण कोणत्या झाडाशी आहोत हेच सांगता येईना, कारण प्रत्येक झाडाच्या चारी अंगांना तेच चित्र. एम.एस्सी.ला एलिप्टिक कर्व्ह शिकताना जे पाठ केलं होतं ते तिथे तासात उभं राहून दिसलं. दोन वर्षांपासून ओलिताची रात्रपाळी आली की मोटारीजवळ बसून मी हाच विषय, म्हणजे एलिप्टिक कर्व्ह आणि त्यांच्यावरच्या बंडलांचा नकाशा, वाचतो आहे. आता आपल्या भाषेत लिहून पाहतो. चुकलं तर दुरुस्त करा.

शेत कोणत्याच बाजूला संपत नाही असं धरा. सगळी झाडं हुबेहूब, म्हणून या झाडापाशी उभं राहणं आणि त्या झाडापाशी उभं राहणं यात फरक करायचा नाही. मग उरतो फक्त चार झाडांमधला एक चौकोन. त्याच्या उजव्या कडेनं बाहेर पडलात की डाव्या कडेनं आत येता, वरून गेलात की खालून येता. समोरासमोरच्या कडा जोडल्या की तयार होते चुंबळ, बायका हंड्याखाली डोक्यावर ठेवतात तीच. शेताची जमीन म्हणजे कॉम्प्लेक्स संख्यांचं प्रतल (एक आकडा उभा, एक आडवा) मानलं तर ही चुंबळ म्हणजे एलिप्टिक कर्व्ह. लंबवर्तुळाशी तिचं नातं नावापुरतं आहे: लंबवर्तुळाच्या परिघाची लांबी काढताना जी इंटिग्रल येतात त्यांच्यावरून ते नाव आलं.

आता बंडल. मी त्याला जुडी म्हणतो. चुंबळीच्या प्रत्येक बिंदूवर एक कॉम्प्लेक्स रेषा उभी केली की एकपदरी जुडी. शास्त्रात तिला लाईन बंडल म्हणतात, पण लाईन म्हटलं की आपल्याकडे वीज आठवते, म्हणून एकपदरीच बरं. प्रत्येक बिंदूवर तीन दिशांचा अवकाश असेल तर तीनपदरी. रँक म्हणजे पदर. आणि डिग्री म्हणजे पीळ. अंबाडीच्या वाखाचा दोर वळून त्याची टोकं एकमेकांत गुंफली की पीळ आत अडकतो, तो काढता येत नाही, फक्त मोजता येतो, आणि मोजला की पूर्णांक येतो. जुडीचा पीळही तसाच पूर्णांक.

मोड्युलाय स्पेस म्हणजे अशा सगळ्या जुड्यांचा नकाशा. नकाशावरचा एक ठिपका म्हणजे एक जुडी, आणि जवळजवळचे ठिपके म्हणजे थोड्याच फरकाच्या जुड्या.

माझा सगळा जीव ज्या एका गोष्टीवर जडला ती अशी. एका झाडापासून निघा, एक घर उभं जा, मग एक घर आडवं जा. किंवा आधी आडवं, मग उभं. पोचता त्याच झाडापाशी. पीळ शून्य असलेली जुडी घेऊन चाललात तर उभं चालल्यावर तंतू, म्हणजे बिंदूवर उभा केलेला तो अवकाश, काही एक फिरतो, त्याला अ म्हणू. आडवं चालल्यावर फिरतो त्याला ब म्हणू. वाटा दोन आणि मुक्काम एक, म्हणून आधी अ मग ब आणि आधी ब मग अ हे सारखंच यायला हवं. म्हणजे जुडी ओळखायला एकमेकांशी जमणारी एक जोडी पुरते. एकपदरी जुडीत अ आणि ब हे दोन कोन आहेत, आणि दोन कोन म्हणजे परत चुंबळीवरचा एक बिंदूच. तर शून्य पिळाच्या एकपदरी जुड्यांचा नकाशा ही स्वतः चुंबळच निघते.

तीनपदरीत अ आणि ब ही मॅट्रिक्स आहेत. जमणारी दोन युनिटरी (लांबी जपणारी) मॅट्रिक्स एकाच वेळी कर्णावर आणता येतात, म्हणजे प्रत्येक पदर आपापलाच फिरतो, म्हणून तीनपदरी जुडी सुटी होऊन तीन एकपदरी जुड्या मिळतात: चुंबळीवर तीन बिंदू, क्रम कोणताही. पीळ शून्य असलेली प्रत्येक जुडी अशीच मिळते.

गोलावर ही गंमतच नाही. ग्रोथेंडिकनं १९५७ साली दाखवलं की गोलावरची प्रत्येक जुडी एकपदरी जुड्यांत सुटते आणि फक्त त्यांचे पीळ सांगितले की काम संपतं. नकाशा काढायला जागाच उरत नाही. दोन किंवा जास्त भोकं असलेल्या पृष्ठावर नकाशा फार मोठा होतो, त्याची डायमेन्शन भोकांतून एक वजा करून ग्रुपच्या डायमेन्शननं गुणावी लागते. चुंबळ मधे आहे. त्याच १९५७ साली मायकेल अटियानं एलिप्टिक कर्व्हवरच्या सगळ्या जुड्यांचं पूर्ण वर्गीकरण केलं, आणि तो लेख अजूनही हातात धरून वाचता येतो.

वर्धाकाठ

भाऊ, मले जुडी समजली, पीळ बी समजला. अंबाडीचा दोर आमचे आबा पोयाच्या आधी वळत, टोक सोडलं का पीळ उलगडे, तवा ते मी डोयानं पाह्यलं हाय. पण वरतं प्रिन्सिपल बंडल लिवलं अन् आत त्याचा पत्ताच नाई. ते काय असते ते सांग. अन् ग्रुप ग्रुप म्हणून राह्यला तो कोणता ग्रुप?

चौफुली

दादा, बरोबर पकडलंत. ते लिहायचं राहिलं.

मोजणीदार शेतात येतो तेव्हा आधी टेबल मांडतो आणि त्यावरून दिशा धरतो. टेबल कसं फिरवून ठेवायचं याचं निसर्गानं काही ठरवून दिलेलं नाही. एका जागी टेबल मांडायच्या जेवढ्या रीती चालतात तेवढ्या सगळ्या एकत्र ठेवा. यातली कोणतीच रीत पहिली नव्हे, पण कोणत्याही दोन रीतींमधला फरक मात्र नेमका सांगता येतो: इतकं फिरवलं की ही रीत तिच्यावर बसते. हे जे फरक आहेत त्यांचा संच म्हणजे ग्रुप. प्रत्येक बिंदूवर असा मांडण्यांचा साठा ठेवला की प्रिन्सिपल बंडल.

फायदा असा की टेबल मांडायचा नियम बदलला की विषय बदलतो, पण विचार तोच राहतो. पदरांची कोणतीही उलटापालट चालते असं ठरवलं तर नेहमीची पदरांची जुडी. एकूण पीळच नको, घनफळ जपायचं, असं म्हटलं तर एसएल-एन. लांबी आणि उजवं-डावं जपायचं म्हटलं तर एसओ-एन. आणि मग ई-८ सारखे ग्रुप आहेत ज्यांना पदरांत धरायचं तर सगळ्यात लहान जुडीलाच २४८ पदर लागतात. तिथे पदर मोजत बसण्यापेक्षा मांडण्यांचा साठाच धरणं सोपं.

फळा_खडू

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, आता संध्याकाळी ओसरीवर नववी-दहावीची मुलं घेते. तुमची चुंबळ मुलांना लगेच कळली, एकीनं तर घरून आणून दाखवली. पण मला हातात धरता येईल असा एक आकडा द्या. तीन बिंदू म्हणता, ते कोणते? मुलांना गणित करून ताळा पाहता आला पाहिजे, नुसतं ऐकून त्यांचं समाधान होत नाही आणि माझंही होत नाही.

चौफुली

मॅडम, हे घ्या. वहीत करता येईल असंच देतो.

एलिप्टिक कर्व्हला दुसरा वेश आहे, समीकरणाचा: य² = क्ष³ + १७. बिंदू (−२, ३) घ्या: −८ + १७ = ९, आणि ३ चा वर्ग ९. बिंदू (−१, ४): −१ + १७ = १६. या दोन बिंदूंतून रेषा काढा, य = क्ष + ५. ती वक्राला तिसऱ्या ठिकाणी कुठे छेदते? (क्ष + ५)² = क्ष³ + १७ सोडवलं की क्ष³ − क्ष² − १०क्ष − ८ = ०, आणि −२, −१ ही मुळं आधीच माहीत आहेत, म्हणून तिसरं ४. बिंदू (४, ९). ताळा: ६४ + १७ = ८१.

वक्रावर बेरीज करायची रीत आहे: एका रेषेवर येणाऱ्या तीन बिंदूंची बेरीज शून्य. हे शून्य म्हणजे अनंतावरचा बिंदू, सगळ्या उभ्या रेषा जिथे जातात तो. चुंबळीवर कोनांची जी बेरीज होते तीच ही, फक्त पोशाख वेगळा.

आता तीनपदरी जुडी घ्या, पण घनफळ जपणारी, म्हणजे एसएल-३ ची. तिचे तीन बिंदू वाटेल ते चालत नाहीत, त्यांची बेरीज शून्य यायला हवी. बेरीज शून्य म्हणजे एका रेषेवर. म्हणून एक जुडी म्हणजे एक रेषा! तुमच्या वहीतली य = क्ष + ५ ही रेषा म्हणजे एलिप्टिक कर्व्हवरची एक तीनपदरी जुडी. आणि सगळ्या जुड्यांचा नकाशा म्हणजे प्रतलातल्या सगळ्या रेषांचा संच, अनंतावरची रेषा धरून. रेषेचं समीकरण क + खक्ष + गय = ०, त्यात फक्त क, ख, ग यांचं प्रमाण महत्त्वाचं, म्हणून नकाशा हा प्रोजेक्टिव्ह प्रतल. हे पहिल्यांदा समजलं त्या रात्री पाळी संपून पाणी धुऱ्यावरून वाहत होतं आणि मला भान नव्हतं.

पदर वाढवले तर रेषेच्या जागी वळणाच्या रेघा येतात (क्ष², क्षय अशी पदं वाढतात), पण हिशेब तोच: एन पदरांना एन सहगुणक, त्यांचं प्रमाण, म्हणून एन − १ डायमेन्शनचा प्रोजेक्टिव्ह अवकाश.

एक सांगायला हवं. वहीत जो वक्र काढाल तो खऱ्या संख्यांचा, म्हणजे चुंबळीचा एक काप. पूर्ण चुंबळ कॉम्प्लेक्स संख्या घेतल्यावरच दिसते.

बाभूळबन

मी मूळचा वाशीम जिल्ह्यातला, सध्या पुण्यात याच्या जवळच्या विषयावर काम करतो. धागा वाचून फार आनंद झाला. दोन दुरुस्त्या सुचवतो, दोन्ही महत्त्वाच्या आहेत.

पहिली. पीळ शून्य असलेली प्रत्येक जुडी जमणाऱ्या जोडीतून मिळते, हे विधान चुकीचं आहे. एक एकपदरी जुडी अधिक एक पिळाची घ्या, दुसरी उणे एक पिळाची, आणि दोन्ही एकत्र बांधा. एकूण पीळ शून्य, पण ती अ-ब च्या जोडीतून कधीच येणार नाही. अट अशी हवी की आतल्या कोणत्याही पदराला त्याच्या वाट्यापेक्षा जास्त पीळ नको. या समतोलाला सेमीस्टेबल म्हणतात. समतोल नसलेल्या जुड्या नकाशात घेतल्या तर नकाशाच फाटतो, जवळचे ठिपके एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत.

आणि समतोल असूनही एक पेच उरतो. तुमच्या सतराच्या वक्रावर (−२, ३) पाशी स्पर्शिका काढा. उतार (तीन गुणिले ४) भागिले (दोन गुणिले ३), म्हणजे २. रेषा य = २क्ष + ७, आणि ती पुढे वक्राला (८, २३) पाशी भेटते: ५१२ + १७ = ५२९. इथे (−२, ३) हा बिंदू दोनदा आला. आता या रेषेला दोन वेगळ्या जुड्या लागू पडतात. एकीत ते दोन सारखे पदर सुटे आहेत, दुसरीत ते एकमेकांत असे अडकले आहेत की सुटतच नाहीत. अटियाच्या वर्गीकरणात हे न सुटणारे पदर नेमके मोजलेले आहेत. नकाशावर मात्र दोघांचा ठिपका एकच. म्हणून ठिपका म्हणजे जुडी असं न म्हणता, ठिपका म्हणजे जुड्यांचं एक घर म्हणावं. स्पर्शिका नसलेल्या रेषांच्या घरात एकच जुडी राहते.

दुसरी दुरुस्ती लहान आहे. चौफुलीच्या चौकोनी शेताचा वक्र य² = क्ष³ − क्ष. सतराचा वक्र चौकोनी शेताचा नाही, समभुज त्रिकोणांत झाडं लावली तर जे शेत होईल त्याचा आहे. पण नकाशाचा प्रकार शेताच्या आकारावर अवलंबून नाही, म्हणून तुमचं उत्तर बरोबरच राहतं.

जोडी आणि जुडी यांचं हे नातं जास्त भोकांच्या पृष्ठांसाठी मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये सिद्ध झालं, एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री यांनी, १९६५ साली. आणि साध्या जुड्यांवरून प्रिन्सिपल बंडलवर समतोलाची ही कल्पना कशी न्यायची ते तिथल्याच ए. रामनाथन यांनी १९७५ साली दाखवलं. त्यांचा प्रबंध दोन भागांत छापून आला तो १९९६ साली, त्यांच्या निधनानंतर. आज जगात कुठेही या विषयाचा लेख उघडा, पहिल्या पानांवर ही नावं भेटतात. आपल्या पोरांना हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

चौफुली

सर, दोन्ही दुरुस्त्या मान्य. पहिली चूक मोठी होती, समतोलाची अट मी घाईत गाळली. मूळ मजकूर तसाच ठेवतो, म्हणजे तुमचा प्रतिसाद वाचणाऱ्याला कळेल.

स्पर्शिकेचं उदाहरण मी आज दुपारी पुन्हा करून पाहिलं. (−२, ३) वर दुसरा बिंदू सरकवत सरकवत आणला की रेषा फिरत फिरत स्पर्शिका होते, आणि दोन सुटे पदर जवळ येत येत शेवटच्या क्षणी अडकायचे की सुटेच राहायचे हा प्रश्न उभा राहतो. नकाशाला तो प्रश्न दिसत नाही.

कडबा_पेंढी

शब्दाबद्दल एक. बंडलला जुडी म्हटलंत, चांगलं केलंत. मोळी म्हणू नका, मोळीत लाकडं कशीही असतात. जुडीत देठ एका अंगाला असतात, मेथीची जुडी आठवा, तशी इथेही प्रत्येक तंतूला खाली त्याची जागा आहे. पेंढी हा शब्द मात्र राखून ठेवा. शीफ नावाची दुसरी वस्तू याच गणितात येते आणि इंग्रजीत त्याचा अर्थ कापलेल्या पिकाची पेंढीच होतो.

संत्रामळा

मी इंजिनिअरिंग केलं, आता मोर्शीकडे संत्र्याची बाग बघतो. ई-८ चं नाव भौतिकशास्त्रातल्या स्ट्रिंग थिअरीच्या संदर्भात ऐकलं होतं. त्याचा आणि चुंबळीचा काय संबंध? आणि दुसरं: जमणारी जोडी नेहमी एकाच वेळी कर्णावर येते हे मॅट्रिक्ससाठी खरं, पण तुमच्या मोजणीदाराच्या कोणत्याही ग्रुपसाठी खरं आहे का?

चौफुली

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो करून बघण्यासारखा आहे.

माचिसची पेटी टेबलावर ठेवा, छाप वर. तिच्या लांबीच्या अक्षाभोवती अर्धा फेरा द्या. मग रुंदीच्या अक्षाभोवती अर्धा फेरा द्या. पेटी कशी आली ते बघून ठेवा. आता पुन्हा मूळ जागी आणून आधी रुंदीचा, मग लांबीचा. पेटी दोन्ही वेळा तशीच येते: छाप वर, फक्त टेबलावरच्या टेबलावर अर्धी फिरलेली. म्हणजे हे दोन फेरे एकमेकांशी जमतात. पण त्यांचे अक्ष वेगळे आहेत, दोन्ही फेरे एकाच अक्षाभोवतीचे करून दाखवणं शक्यच नाही. तर एसओ-३ मध्ये तुमची शंका खरी ठरते: जोडी जमते, पण कर्णावर येत नाही.

असं का होतं? एसओ-३ च्या वर एसयू-२ नावाचा ग्रुप बसला आहे, त्यातले दोन दोन घटक खाली एकाच फेऱ्यावर येतात. पेटीचे दोन अर्धे फेरे वर नेले की ते हॅमिल्टनच्या क्वाटर्निअनमधले (चार घटकांच्या संख्यांमधले) आय आणि जे होतात, आणि आयजे बरोबर उणे जेआय. वर ते जमत नाहीत, उणे एकाचा फरक पडतो. खाली तो फरक दिसत नाही. जुडीच्या भाषेत हा अडकलेला पीळ आहे. अशा जुड्यांचा नकाशा एकच ठिपका असतो. अटियाच्या निकालातही हेच बसतं: दोन पदर, पीळ एक, डिटरमिनंट (जुडीतून निघणारी एकपदरी जुडी) ठरवून दिला, तर समतोल जुडी एकच.

ज्या ग्रुपवर असा वरचा मजला नसतो त्याला सिंपली कनेक्टेड म्हणतात. तिथे जमणारी प्रत्येक जोडी एकाच टोरसमध्ये, म्हणजे कर्णाच्या जागी जे असतं त्यात, आणता येते. बोरेलचा निकाल आहे हा. मात्र तीन जमणारे घटक घेतले तर स्पिन-७ (एसओ-७ च्या वरचा मजला) पासून पुढे तेही मोडतं. आपल्याला उभं आणि आडवं दोनच आहे, म्हणून निभतं.

आता ई-८. जोडी टोरसमध्ये आली, तरी टोरसमध्ये तिला ठेवायच्या रीती एकापेक्षा जास्त आहेत, त्यांची अदलाबदल करणाऱ्या ग्रुपला वाईल ग्रुप म्हणतात. एसएल-३ मध्ये तो नुसता तीन बिंदूंचा क्रम बदलणं एवढाच होता. तर नकाशा म्हणजे: चुंबळीच्या जितक्या प्रती ग्रुपची रँक (इथे पदर नव्हे, टोरसची डायमेन्शन) तितक्या घ्या, आणि वाईल ग्रुपनं एकमेकांवर येणारे ठिपके एक माना. ई-८ ला आठ प्रती. वाईल ग्रुपमध्ये ६९ कोटी ६७ लाख २९ हजार ६०० घटक. एवढ्या घड्या घातल्यावर हाती चुरगळा यायला हवा, पण १९७६ साली लोइयेंगानं दाखवलं की येतो तो वजनदार प्रोजेक्टिव्ह अवकाश, म्हणजे प्रोजेक्टिव्ह अवकाशच, फक्त प्रत्येक सहगुणकाला स्वतःचं वजन. ई-८ ची वजनं १, २, ३, ४, ५, ६, ४, २, ३. नऊ वजनं, म्हणून डायमेन्शन आठ. हेच आकडे ई-८ च्या वाढवलेल्या डिंकिन आकृतीच्या (ग्रुप ओळखायच्या टिंब-रेघांच्या चित्राच्या) नऊ टिंबांवर लिहिलेले असतात, आणि त्यांची बेरीज ३०. एसएल-एन मध्ये सगळी वजनं १, म्हणून तिथे साधा प्रोजेक्टिव्ह अवकाश आला.

स्ट्रिंग थिअरीकडे हे १९९७ साली रॉबर्ट फ्रीडमन, जॉन मॉर्गन आणि एडवर्ड विटन यांनी नेलं. एका प्रकारच्या स्ट्रिंगमध्ये ई-८ च्या दोन जुड्या लागतात, दुसऱ्या वर्णनात, एफ-थिअरीत, त्या जुड्या दिसत नाहीत, नुसता भूमितीचा आकार असतो. दोन्ही वर्णनं एकच आहेत हे पडताळायला एलिप्टिक कर्व्हवरच्या जुड्यांचा नकाशा नेमका माहीत हवा होता. ई-६ मध्ये याची झलक सोपी आहे. घन समीकरणाचं गुळगुळीत पृष्ठ घ्या, त्याला एका प्रतलानं कापा, कापावर एलिप्टिक कर्व्ह मिळतो. त्या पृष्ठावर २७ सरळ रेषा असतात, हे १८४९ पासून माहीत आहे. प्रत्येक रेषा वक्राला एकाच बिंदूत भेटते. ते २७ बिंदू म्हणजे वक्रावरच्या ई-६ जुडीचे २७ पदर. पृष्ठ म्हणजे जुडी!

वर्धाकाठ

माचिस फिरवून पाह्यली, तीनदा. खरंच तशीच येते. बायकोले बी दाखवली. भाऊ, तू म्हणतं तो उणे एक खाली दिसत नाई, पण मले आता तो हाय असं वाटून राह्यलं, कारण दोराचा पीळ बी वरून दिसत नसते, हात लावला का समजते.

फळा_खडू

कालचा हिशेब कळवते. मुलांनी य = क्ष + ५ आणि स्पर्शिका दोन्ही केलं. मग (−२, ३) आणि (२, ५) मधून रेषा काढली, उतार अर्धा, आणि तिसरा बिंदू आला (१/४, ३३/८). अपूर्णांक आल्यावर दोघांनी खोडून टाकलं होतं, चुकलं असं समजून. मी ताळा करायला लावला: ३३ चा वर्ग १०८९, खाली ६४; दुसऱ्या बाजूला १/६४ अधिक १७, म्हणजे १०८८/६४ मध्ये १/६४ मिळवला. बरोबर १०८९/६४. ओसरीवर जो आवाज झाला तो शेजाऱ्यांनी ऐकला.

पण मी लिहिते आहे ते नववीतल्या एका मुलीच्या प्रश्नासाठी. तिनं वहीत य = क्ष + ५ काढली आणि तिच्याखाली आरशात पडल्यासारखी य = −क्ष − ५ काढली. वक्र वरखाली सारखाच आहे. तर तिचं म्हणणं, या दोन रेषा वेगळ्या का मोजायच्या? आपण झाडं सारखी आहेत म्हणून एक मानली, मग या रेषाही एक मानल्या तर नकाशाचं काय होईल? मला उत्तर देता आलं नाही.

बाभूळबन

मॅडम, तिला सांगा की तिनं ग्रुप बदलला. आणि मी हे पूर्ण करून दाखवतो, कारण प्रश्नाच्या योग्यतेचं उत्तर आहे.

रेषा क + खक्ष + गय = ०. आरशात य चं चिन्ह बदलतं, म्हणून (क, ख, ग) चं (क, ख, −ग) होतं. दोन्ही एक मानायचे तर ग ऐवजी ग चा वर्ग लिहून ठेवायचा, तो दोघांचा सारखाच. आता नकाशाचे सहगुणक क, ख आणि ग². समीकरण २ नं गुणलं तर क आणि ख दुप्पट होतात, ग² चौपट. म्हणजे वजनं १, १, २.

आता जी-२ हा ग्रुप बघा. डायमेन्शन १४, रँक २. त्याच्या पोटात एसएल-३ बसतो, टोरस दोघांचा एकच. वाईल ग्रुप मात्र जी-२ चा १२ घटकांचा, एसएल-३ चा ६ घटकांचा. जास्तीचे ६ येतात ते बिंदूंचं चिन्ह बदलण्यामुळे, आणि वक्रावर चिन्ह बदलणं म्हणजे आरसाच. म्हणून तिनं मागितलेला नकाशा हा जी-२ च्या जुड्यांचा नकाशा आहे. लोइयेंगाच्या निकालातून जी-२ ची वजनं काढा: १, १, २.

चौफुली

मी जी-२ चा निकाल पुस्तकातून उतरवून घेतला होता, आरशाची वाट मला सुचली नव्हती.

यात एक भर घालतो, मॅडम, तिला वहीत करता येईल. वजनं १, १, २ असलेला अवकाश म्हणजे शंकू, आणि शंकूला एक टोक असतं. टोक कुठे आहे? क आणि ख दोन्ही शून्य, म्हणजे रेषा य = ०. ती आरशात जशीच्या तशी राहते. उभ्या रेषाही तशाच राहतात, पण त्या सगळ्या मिळून शंकूवर एक वळण होतं; य = ० एकटी आहे. ती वक्राला तीन ठिकाणी छेदते, क्ष³ = −१७ ची तीन मुळं, त्यातलं एकच वहीत दिसेल, −२.५७ च्या आसपास, बाकी दोन कॉम्प्लेक्स आहेत. या तिन्ही बिंदूंपाशी वक्राची स्पर्शिका उभी असते, म्हणून प्रत्येक बिंदू स्वतःत मिळवला की शून्य.

तिला म्हणावं, वहीत −२.५७ पाशी स्पर्शिका काढून बघ, ती सरळ उभी येते का.

फळा_खडू

काढली. उभी आली.